तणसाच्या बैलाला लागलेला हात

अन्याय दोघांवर झाला. एक सिनेमा दाखवणारा ऑपरेटर, आणि दुसरी त्याची बायको, जी तोवर वारली होती. तो झाला एकोणऐंशी सालच्या डिसेंबरात, एका मंगळवारी, सकाळी साडेअकरा वाजता, भंडाऱ्यातल्या एका सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण मी तिथे हजर होतो आणि माझ्या काखेत पत्रकांचा गठ्ठा होता. खात्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एकाचं नाव लिहिलं की बाकीची खाती सुटल्यासारखी हसतात.

साहेबांच्या शिपायाने ऑपरेटरांच्या हातातून पत्र्याचा एक गोल डबा काढून घेतला. डब्यात नऊ मिनिटांची फिल्म होती. जगात तिची तेवढी एकच प्रत होती. व्हरांड्याच्या कठड्यावर कोणाचा तरी अर्धा प्यालेला चहा होता. तो कप ऑपरेटरांनी दोन बोटांनी कणभर सरकवला, मागे होऊन पाहिला, पुन्हा कणभर सरकवला.

तुमच्यापैकी ज्यांनी ही सवय पाहिली असेल, त्यांच्या डोळ्यांसमोर आता माणूस उभा राहिला असेल. हॉटेलात बसले की ते कपबशीला टेबलावरून चालवत न्यायचे. पानाच्या ठेल्यावर सुपारीच्या खांडाला. पोरं त्यांच्यामागे हसायची. सिनेमा दाखवून झाला की ते पडद्यासमोर येऊन उभे राहायचे, हातातला टॉर्च जमिनीकडे धरायचे आणि गर्दीला एकच विचारायचे, "काय दिसलं, बाप्पा?"

आवडलं का, असं त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही.

ते खात्याच्या सिनेमागाडीवर होते. गावोगाव जायचं, शाळेच्या भिंतीला पडदा बांधायचा आणि देवीची लस, रासायनिक खत, लहान कुटुंब असल्या गोष्टींच्या फिल्मा दाखवायच्या. गाडीत पुढे जागा असली तरी ते मागे बसायचे, प्रोजेक्टर मांडीवर घेऊन. ड्रायव्हर म्हणायचा, ऑपरेटरसाहेब मशीन असं धरतात, जसं तापातलं लेकरू दवाखान्यात नेऊन राहिले.

मी त्यांच्या आवारात भाड्याने राहायला आलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. कॉलेज अर्धवट सोडलं होतं. संघटनेचं काम करायचो, म्हणजे पत्रकं लिहायची, सायक्लोस्टाइलवर काढायची आणि बाजारात वाटायची. समोरच्या खोलीत ऑपरेटर एकटेच होते. बायको मागच्या पावसाळ्यात काविळीने गेली, एवढं शेजाऱ्यांनी सांगितलं. मी पुढे काही विचारलं नाही. त्या वयात मला माणसांपेक्षा वर्गांमध्ये जास्त रस होता.

त्यांच्याजवळ खात्याने मोडीत काढलेला एक चावीचा कॅमेरा होता. खात्याची माणसं मोर्चे-उद्घाटनं टिपायची, त्यातले उरलेले फिल्मचे तुकडे त्यांनी साठवले होते. त्या तुकड्यांवर त्यांनी खोलीतल्या खोलीत सिनेमा काढला. तारेचा सांगाडा, त्यावर धानाचं तणस, म्हणजे पेंढा, गुंडाळलेलं, असा एक वीतभर बैल. बैल कणभर हलवायचा, कॅमेऱ्याचं बटण एकदा दाबायचं. पुन्हा कणभर हलवायचा, पुन्हा बटण. एक पाऊल पडायला अर्धी दुपार. पडद्यावर मात्र बैल चालायचा. थरथरत, मध्येच आचका देत, पण चालायचा.

गोष्ट सांगतो, कारण आता ती सांगूनच कळणार आहे. तणसाचा बैल आपला कळप शोधायला निघतो. वाटेत मातीची गाय भेटते, मग म्हैस, मग दोन गोऱ्हे. सगळी त्याच्यामागे चालू लागतात. त्याला वाटतं, आपण पुढारी झालो. छाती काढून चालतो. मग तलावाच्या पाळीवर तो मागे वळून पाहतो आणि त्याला कळतं, की सगळी उपाशी आहेत आणि त्याला खायला आली आहेत. पळायला जागा आहे. तो पळत नाही. शेवटी पाळीवर नुसता तारेचा बैल उभा, आणि त्याच्या पायाशी गाय बसून रवंथ करते आहे.

हे दाखवायची परवानगी मिळावी म्हणून त्यांनी कागदावर नाव दिलं होतं, ‘वैरणीची काळजी’. साहेबांनी न बघता सही केली.

फिल्म मुकी होती. बैल चालायचा तेव्हा ऑपरेटर प्रोजेक्टरजवळ उभे राहून घुंगरांची माळ हलवायचे. मी दोन-तीन खेळांना गाडीसोबत गेलो, तेव्हा ‘काय दिसलं’ची उत्तरं ऐकली. ती ते शाळेच्या वहीत लिहायचे. गावाचं नाव आणि उत्तर. माणसाचं नाव नाही.

भंडाऱ्याच्या एका शाळेत ड्रॉइंगचे मास्तर म्हणाले की पायांचं प्रमाण चुकलं आहे. विज्ञानाचे मास्तर म्हणाले की तणस चालत नाही, मुलांच्या डोक्यात भलतंच भरतं. मुलं म्हणाली, पुन्हा दाखवा. जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टरांमध्ये एका बाईंनी हिंदीतून तक्रार केली की कार्टूनमध्ये गाणं पाहिजे आणि शेवट गोड पाहिजे. तिथलाच एक फिटर मात्र बराच वेळ थांबला आणि गुडघ्याचा सांधा कशाचा केला एवढंच विचारत राहिला. ऑपरेटर त्याच्याशी इतके बोलले, की गाडी तासभर खोळंबली.

लाखांदूरकडच्या एका गावात तर भांडण पेटलं. एक म्हातारा उठून म्हणाला, "बैल आधी पुढचा पाय नाही उचलत जी. मागचा उचलते. तुमचा बैल शहरातला दिसते." दुसऱ्याने त्याला वेड्यात काढलं. गाडी त्या गावी मुक्कामाला होती. सकाळी पाहतो तर अर्धं गाव एका बैलाच्या मागे वाकून चाललं आहे, आणि सगळ्यांच्या पुढे ऑपरेटर, जवळजवळ जमिनीला डोकं टेकून. म्हाताऱ्याचं बरोबर निघालं. ऑपरेटरांना एवढं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. वहीत त्यांनी लिहिलं, ‘मागचा पाय.’

पण सगळी गावं शेवटी एकाच जागेवर येऊन अडायची. फिल्मच्या मधोमध बैल शेताचा धुरा, म्हणजे बांध, ओलांडताना त्याचा पाय अडकतो. तेवढ्यात चौकटीत एक माणसाचा हात येतो. खरा, जिवंत हात. पाय सोडवतो, पाठीवर एक थाप देतो, निघून जातो. दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत ऑपरेटर घुंगरू वाजवायचे नाहीत. उजेडात रंग उडालेला, मनगट उघडं, असा तो हात शांततेत यायचा आणि जायचा.

कोणी म्हणालं, देवाचा हात. कोणी म्हणालं, मालकाचा, बैलाला पुढे ढकलून राहिला. एका पोलीस पाटलाने सांगितलं, की तो चोराचा हात आहे, घुंगरू चोरायला आलेला, म्हणून आवाज बंद झाला. एका मास्तरांनी ती तांत्रिक चूक आहे असा निकाल दिला. ऑपरेटर सगळं लिहून घ्यायचे. हो म्हणायचे नाहीत, नाही म्हणायचे नाहीत.

आमच्या गावी, एकोडीला, खेळ झाला तेव्हा धानाची कापणी उरकली होती. बौद्धवाड्यातली आमची माणसं उजव्या बाजूला, बाकीचं गाव डावीकडे, असं नेहमीसारखं बसलं होतं. माझी आई पुढेच होती. "काय दिसलं, बाप्पा?" झालं. दोन्ही बाजूंनी देव, मालक, चोर सगळं सांगून झालं. मग आई बसल्या जागेवरून म्हणाली, "बाईचा हात हाय तो."

लोक हसले. मलाही लाज वाटली. संघटनेचा कार्यकर्ता मी, आणि माझी आई भलतंच बोलते. मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं, "आई, बांगड्या कुठं आहेत मग?"

जास्त हसले. त्या हशाचा धनी मी होतो, हे लिहून ठेवतो.

आई गप्प बसली नाही. म्हणाली, "काढून ठेवल्या असन. सारवताना आम्ही नाही सरकवत का वर? माणूस जनावराले हाकलते त मागून हात टाकते. तिनं पाय सोडवला आणि मग थोपटलं. लेकरू उभं करते तसं."

ऑपरेटरांनी वही उघडलेली होती. पण ते लिहिताना मला दिसले नाहीत. ते वळले आणि गुंडाळून झालेलं रीळ पुन्हा गुंडाळू लागले.

त्यानंतर महिन्याभरात निवडणुकीची हवा सुरू झाली. हात हे तोवर एका पक्षाचं चिन्ह झालं होतं. एका बाजूचे कचेरीत गेले आणि म्हणाले, सरकारी गाडी फिरवून हाताचा प्रचार चालवून राहिले. दुसऱ्या बाजूचे दुसऱ्या दिवशी गेले आणि म्हणाले, बैलाची तंगडी धरणारा हात दाखवून आमच्या चिन्हाची बदनामी करून राहिले. साहेबांनी विचार केला, की दोघंही ओरडतात म्हणजे काहीतरी असेलच. त्यांनी ऑपरेटरांना बोलावून सांगितलं, तेवढे दोन सेकंद कापून टाका, कात्री तुमच्याचकडे आहे, मग खुशाल दाखवा.

ऑपरेटर म्हणाले, "तेवढं सोडून काहीही कापतो."

का, ते सांगितलं नाही. साहेब चांगल्या मूडमध्ये असावेत. त्यांनी म्हटलं, बरं, निवडणूक होईपर्यंत ही फिल्म घरी ठेवा, नंतर पाहू.

इथे गोष्ट संपली असती. फिल्म आज असती. पण मी होतो ना.

मला वाटलं, ही गळचेपी आहे. होतीही. मी रविवारी रातोरात नव्हे, चांगला दिवसभर बसून पत्रक लिहिलं. मथळा दिला, ‘वादग्रस्त हाताचं सत्य’. खाली लिहिलं की हा हात कष्टकऱ्याचा आहे, ज्याला व्यवस्था चौकटीबाहेर ठेवते आणि जो एक दिवस चौकटीत घुसणार आहे. ऑपरेटरांना न विचारता लिहिलं. त्यांच्या खोलीचं दार माझ्या दारापासून बारा पावलांवर होतं. सोमवारी बाजारात वाटलं. मंगळवारी सकाळी साहेबांच्या टेबलावर ते होतं.

साहेबांना छापील कागदाची भीती वाटायची. ऑपरेटरांना डबा घेऊन बोलावणं आलं. मी गठ्ठा घेऊन मागोमाग गेलो, लढायला. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे. शिपायाने डबा घेतला. कारकुनाने त्यावर चिठ्ठी चिकटवली आणि काय लिहायचं म्हणून माझ्या पत्रकाकडे पाहिलं. मग मथळ्यातला पहिला शब्द जसाच्या तसा उतरवला. वादग्रस्त. तोवर साहेबांकडे त्या डब्यासाठी शब्द नव्हता. तो मी पुरवला.

संध्याकाळी मी दुसऱ्या पत्रकाचा मसुदा घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कंदिलाशी धरून तो पूर्ण वाचला. घडी घालून परत दिला.

"चांगलं लिहिलं," ते म्हणाले. "पण तो माझ्या बायकोचा हात होय."

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. ते कॅमेऱ्यामागे असायचे आणि ती बैल हलवायची, कारण तिची बोटं बारीक होती. बांगड्या तणसात अडकायच्या, बैल आडवा व्हायचा. म्हणून ती कामाला बसताना बांगड्या काढून पत्र्याच्या पेटीवर ठेवायची. शेजारणी बोलायच्या, सवाष्णीने मोकळे हात ठेवू नयेत. ती म्हणायची, बैल उभा झाला की घालते. एका दुपारी कॅमेऱ्याचं बटण अडकलं आणि तिचा हात आत असतानाच फिल्म धावली. हात टिपला गेला हे दोघांनाही कळलं नाही. पुढे ती गेली. फिल्म धुऊन आली ती नंतर. खोलीत भिंतीवर लावून पाहताना त्यांना तो हात पहिल्यांदा दिसला. लग्नाचा फोटोसुद्धा त्यांच्याकडे नव्हता.

"मग सांगितलं काहून नाही?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. माझा राग नेहमी सोयीच्या जागी चढतो.

"कोणी विचारलं नाही ना," ते म्हणाले. "सगळ्यांनी मलेच सांगितलं." मग म्हणाले, "आणि आपण सांगून दिसलं, त ते दिसणं कसं?"

निवडणूक झाली. डबा परत मिळाला नाही. दर शनिवारी ते कचेरीत जायचे. मागणी एवढीच असायची, की रीळ एकदा उलगडून हवा द्यावी लागते, नाहीतर आतल्या आत आंबतं, मी इथेच तुमच्यासमोर उलगडतो आणि परत गुंडाळून ठेवतो. कारकून चिठ्ठीवर बोट ठेवायचा. वादग्रस्त आहे, उघडता येणार नाही. साहेब बदलले, चिठ्ठी तीच राहिली. मी अर्ज लिहिले, उपोषणाची नोटीस दिली, एकदा फाटकासमोर बसलोही. ऑपरेटरांनी मला हाताला धरून उठवलं. म्हणाले, "तू बसला का ते आणखी एक चिठ्ठी लावतात."

त्र्याऐंशीत कचेरी नव्या इमारतीत गेली. जुनं सामान भंगारात गेलं. काही दिवसांनी भंडाऱ्याच्या बाजारात एका पितळी भांडेवाल्याच्या दुकानात त्यांना डबा दिसला. कारागिराने त्यात रिबिटी, म्हणजे भांडी जोडायचे बारीक खिळे, ठेवल्या होत्या. चिठ्ठी अर्धी होती, शब्द वाचता येत होता. ऑपरेटरांनी विचारलं, आत काय होतं? कारागीर भला माणूस होता, आठवून सांगितलं, काळं चिकट काहीतरी होतं बावा, आंबट वास मारे, फेकून देलं.

त्याने रिबिटी दुसरीकडे ओतल्या आणि डबा त्यांना देऊन टाकला. त्यांनी तो घरी आणला, धुतला नाही.

कपबशी सरकवण्याची सवय त्यानंतर गेली. मी मुद्दाम त्यांच्यासमोर कप ठेवून पाहायचो. ते सरळ उचलून प्यायचे.

पंच्याऐंशीच्या एप्रिलात छातीत कळ आली आणि ते गेले. त्यांचा साळा, बायकोचा भाऊ, आला, पेटी घेऊन गेला. डबा आणि वही मला देऊन गेला, कारण त्याला त्यांचं काय करायचं ते कळेना. मी वही चाळली. गावं, देव, मालक, चोर, मागचा पाय, पुन्हा दाखवा. एकोडीच्या पानावर एकच ओळ होती, ‘बाईचा हात.’ म्हणजे त्यांनी लिहिलं होतं. पण ती ओळ त्या पानावर तीनदा होती, तीन वेगवेगळ्या शाईंनी.

मी एस्टीने एकोडीला गेलो आणि आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"आला होता ना जी तो," ती म्हणाली. "दोनदा आला. मी म्हटलं, पोरगा काही गुन्हा करून बसला का काय. त म्हणाला, नाही बाई, त्या दिवशी काय दिसलं होतं तेवढं पुन्हा सांगा. मी सांगितलं. भाजी-भाकर खाल्ली, वहीत लिहिलं आणि गेला. दुसऱ्या वर्षी पुन्हा आला, पुन्हा तेच. मी काही विचारलं नाही."

"मले काहून नाही सांगितलं?"

आई सुपातून वर न पाहता म्हणाली, "तू ऐकते का?"

सगळ्या जिल्ह्यात तो हात एका माणसाला दिसला, आणि तिला मी हसण्यावारी नेलं. फिल्म नाही, ऑपरेटर नाहीत, तो हात तर त्यांच्याही आधी गेला. आता ती नऊ मिनिटं फक्त ज्यांनी पाहिली त्यांच्यापाशी उरली आहेत, कोणापाशी नीट, कोणापाशी चुकीची. त्यातलेही दरवर्षी कमी होत चालले आहेत.

म्हणून मागणी करतो. पत्रकातली नव्हे, खरी. एकोणऐंशी सालच्या डिसेंबराआधी भंडारा जिल्ह्यात शाळेच्या भिंतीवर तुम्ही तो थरथरणारा बैल पाहिला असेल, तर आजच एक पोस्टकार्ड घ्या आणि या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. आवडला का, ते लिहू नका. त्याचा अर्थ काय, ते तर अजिबात लिहू नका, तो धंदा मी करून पाहिला आहे. गावाचं नाव लिहा, आणि खाली लिहा, तुम्हाला काय दिसलं.